पाच मिनिटांचा माईक: हौशी कॉमेडियनकडून छोट्या उद्योजकाने काय शिकायचं?



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण 'पैसे गुंतवण्याआधी चाचणी कशी घ्यायची' हा विषय घेतला होता. वेळेअभावी त्यातलं एक उदाहरण सविस्तर सांगायचं राहिलं. ते इथे लिहितोय. उदाहरण दुकानदाराचं किंवा कारखानदाराचं नाही. डोंबिवलीत राहणाऱ्या, दिवसा एका ऑफिसात हिशेब लिहिणाऱ्या आणि संध्याकाळी हौसेने स्टँडअप कॉमेडी करणाऱ्या एका तरुणाचं आहे. तो आपल्या ठाण्याच्या बॅचला होता. नाव छापू नका म्हणालाय, म्हणून छापत नाही.

तुम्ही म्हणाल, विनोदाचा आणि धंद्याचा काय संबंध? संबंध आहे. दोघेही अनोळखी माणसासमोर उभे राहतात, काहीतरी पुढे करतात आणि समोरच्याला ते हवं आहे की नाही हे तिथल्या तिथे कळतं. फरक एवढाच, की कॉमेडियन हे कळून घ्यायला पाच मिनिटं खर्च करतो आणि आपल्यातले बरेच जण गाळ्याचं डिपॉझिट भरून झाल्यावर ते कळून घेतात.

आधी ओपन माईक म्हणजे काय ते समजून घेऊ

एकट्याने उभं राहून लोकांना हसवणं आपल्याला नवं नाही. पु. ल. देशपांडे 'बटाट्याची चाळ' एकट्याने रंगमंचावर उभी करायचे. प्रा. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये ५२ पात्रं एकटेच रंगवायचे. पण तो संपूर्ण तयार झालेला माल होता. ठाण्याचं गडकरी रंगायतन, कल्याणचं आचार्य अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीचं सावित्रीबाई फुले कलामंदिर, इथे लोक तिकीट काढून तयार मालच बघायला येतात.

ओपन माईक ही वेगळी जागा आहे. इथे अर्धा कच्चा माल घेऊन यायची मुभा असते. २०१० साली लंडनच्या 'द कॉमेडी स्टोअर'ने लोअर परळला क्लब उघडला. त्या सुमारास मुंबईत स्टँडअपची हवा तयार झाली. मराठीत 'भाडिपा'सारख्या मंडळींनी २०१६ नंतर ती आपल्या भाषेत आणली. हळूहळू कॅफेमध्ये, छोट्या हॉलमध्ये ओपन माईक होऊ लागले. पद्धत साधी आहे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर किंवा ऑनलाईन फॉर्म भरून नाव द्यायचं. नंबर लागला तर चार-पाच मिनिटं मिळतात. कुठे थोडी फी असते, कुठे एक कॉफी घ्यावी लागते. शेवटचं मिनिट उरलं की आयोजक मागून मोबाईलचा टॉर्च दाखवतो. टॉर्च दिसला की आवरतं घ्यायचं.

आता हिशेब बघा. डोंबिवलीच्या माणसाला पश्चिम उपनगरात माईक करायचा असेल, तर दादरला गाडी बदलायची, पोहोचायचं, नंबर येईपर्यंत बसायचं, मग शेवटच्या लोकलची चिंता करत परत यायचं. पाच मिनिटांसाठी पाच तास सहज जातात. आठवड्याला दोन माईक धरले, तर वर्षात साधारण १०० होतात. १०० गुणिले ५ म्हणजे ५०० मिनिटं. तास करा: ८ तास २० मिनिटं. वर्षभर धावपळ करून माईकसमोरचा वेळ ऑफिसच्या एका दिवसाएवढा! म्हणून हौशी कॉमेडियन एकही मिनिट वाया घालवत नाही. त्याच्या या कंजूषपणातूनच पुढचे धडे निघतात.

धडा १: घरच्यांचं हसू गल्ल्यात जमा होत नाही

प्रत्येक हौशी कॉमेडियनची सुरुवात सारखीच असते. ऑफिसच्या पिकनिकला, मित्राच्या हळदीला सगळे पोट धरून हसलेले असतात. कोणीतरी म्हणतं, 'अरे तू स्टेजवर जा!' आणि स्टेजवर तोच विनोद केला की समोर शांतता. कारण मित्र विनोदाला हसत नव्हते. ते त्याला ओळखत होते, त्या बॉसला ओळखत होते, तो प्रसंग त्यांनी पाहिलेला होता. अनोळखी माणसाकडे यातलं काहीच नसतं.

तुमच्या लोणच्याचं, तुमच्या कुर्त्यांचं, तुमच्या क्लासचं कौतुक आजवर कोणी केलंय? मावशी, शेजारी, शाळेचा ग्रुप? त्यांचं प्रेम खरं आहे, पण ती बाजाराची पावती नव्हे. एक वाक्य वहीत लिहून ठेवा: कौतुक ही उधारी आहे, विक्री हा रोखीचा व्यवहार.

यात अजून एक बारीक गोष्ट आहे. ओपन माईकला प्रेक्षकांत बरेचदा इतर कॉमेडियनच बसलेले असतात. त्यांचं अर्धं लक्ष स्वतःच्या वहीत असतं. ते हसले तरी वेगळ्या कारणाने हसतात, रचना आवडली म्हणून, धाडस आवडलं म्हणून. त्यांच्या हशावर विसंबून सेट बांधला की सामान्य प्रेक्षकांसमोर तो पडतो. आपल्याकडेही तेच चालतं. उद्योजकांच्या ग्रुपमध्ये आपण एकमेकांकडून वस्तू घेतो, एकमेकांच्या स्टॉलवर जातो आणि समजतो की धंदा चाललाय. ग्रुपमधली विक्री वेगळ्या रकान्यात लिहा. ग्रुप सोडून बाहेर किती विकलं, हा खरा आकडा.

धडा २: वही नसेल तर माईक फुकट गेला

आपला डोंबिवलीकर दर सेट मोबाईलवर रेकॉर्ड करतो. परतीच्या लोकलमध्ये कानात हेडफोन घालून ऐकतो आणि वहीत तीन रकाने भरतो: काय बोललो, काय झालं, पुढच्या वेळी काय बदलणार. 'काय झालं'च्या रकान्यात तीनच शब्द चालतात: हशा, स्मित, शांतता. 'पब्लिक थंड होतं' असं लिहायला परवानगी नाही. माईक नीट नव्हता, आधीच्याने वेळ खाल्ला, पाऊस होता, ही सगळी कारणं खरी असतील. पण पुढच्या वेळी त्यांच्याबद्दल तो काय करणार? विनोदाबद्दल मात्र करू शकतो.

एका वेळी तो एकच गोष्ट बदलतो. शब्द बदलला तर क्रम तोच ठेवतो. क्रम बदलला तर शब्द तेच. दोन्ही एकदम बदललं आणि हशा आला, तर कशामुळे आला हे कळणार कसं? तुम्ही भाव, पाकीट आणि जागा एकाच आठवड्यात बदललीत तर तुमचीही हीच गत होते.

हे फक्त नवख्यांचं काम आहे असं समजू नका. अमेरिकेतला नामवंत कॉमेडियन ख्रिस रॉक मोठ्या कार्यक्रमाआधी न्यू जर्सीतल्या एका छोट्या क्लबमध्ये जाऊन, हातात कागद घेऊन, नवे विनोद तपासतो. त्यातले बरेच पडतात. पीटर सिम्स यांनी 'लिटल बेट्स' या २०११ सालच्या पुस्तकात हे उदाहरण दिलंय. एवढा मोठा माणूस पन्नास लोकांसमोर पडायला तयार असतो, कारण त्याला हजारोंसमोर पडायचं नसतं.

धडा ३: विनोद वाईट आहे, की तयारी कमी पडली?

त्याचा एक हुकमी विनोद होता. सकाळी सीट मिळावी म्हणून डोंबिवलीकर आधी उलटा कल्याणला जातो आणि त्याच गाडीत बसून परत डोंबिवलीवरून मुंबईकडे जातो. ठाण्यात आणि कल्याणला नुसतं 'मी रोज आधी उलटा जातो' एवढं म्हटलं तरी लोक हसायचे. पश्चिम उपनगरात तेच वाक्य म्हटलं, तर लोक एकमेकांकडे बघायला लागले. त्यांना हा प्रकारच माहीत नव्हता.

त्याने विनोद टाकून दिला नाही. आधी दोन वाक्यं जोडली, गर्दीचं चित्र उभं केलं, मग तेच वाक्य टाकलं. हशा आला. कॉमेडीच्या भाषेत आधीच्या तयारीला सेट-अप म्हणतात आणि ज्या वाक्यावर हशा येतो त्याला पंच.

वस्तू विकली गेली नाही की आपण दोन टोकं गाठतो. एक तर वस्तूच बंद करतो, नाहीतर 'लोकांना कळत नाही' म्हणून मोकळे होतो. मधला प्रश्न विचारा: ही वस्तू घ्यायला गिऱ्हाईकाला आधी काय माहीत असायला हवं? ते मी सांगितलंय का?

आता मुद्द्याचं: पाटल्या आणि गाळा

हा सगळा खटाटोप मी का सांगतोय? कारण या तरुणाची बायको खाद्यपदार्थांचा धंदा सुरू करणार होती. तिच्या सांज्याच्या आणि खव्याच्या पोळ्या नातेवाईकांत प्रसिद्ध. कल्याण पश्चिमेला एक गाळा बघितलेला. डिपॉझिट ३ लाख, भाडं महिना २५ हजार. सहा महिन्यांचं भाडं दीड लाख, म्हणजे पोळपाट-लाटणं विकत घ्यायच्या आधीच साडेचार लाखांची सोय हवी. त्यासाठी तिच्या आईने दिलेल्या पाटल्या गहाण ठेवायचं ठरत होतं. सासूबाईंचा पाठिंबा होता, ब्रोकर रोज फोन करत होता. 'गाळा हातचा जाईल हो,' हे तर ब्रोकरचं पेटंट वाक्य!

तेव्हा हा बायकोला म्हणाला, "आधी पाच मिनिटं करून बघू."

त्यांनी आठ रविवार ठरवले. डोंबिवली, कल्याण आणि ठाणे इथल्या वेगवेगळ्या सोसायट्यांमध्ये संध्याकाळी एक टेबल. टेबलाचं भाडं सरासरी ५०० रुपये, म्हणजे आठ रविवारांचे ४ हजार. माल वेगळा. एक अट अशी, की ओळखीच्यांना कळवायचं नाही. आणि वही तीच, फक्त रकाने चार: थांबले, चाखलं, घेतलं, पुन्हा आले.

पहिले दोन रविवार पोळ्यांनी 'चाखलं'चा रकाना भरला. लोक म्हणायचे, "वा, छान आहे हं!" आणि पुढे जायचे. 'घेतलं'चा रकाना भरत होता तो कोपऱ्यात ठेवलेल्या मेतकुटाचा आणि थालिपिठाच्या भाजणीचा. का? वहीत उत्तर सापडलं. घेणाऱ्यांत बहुतेक नोकरी करणाऱ्या बायका होत्या. रात्री साडेआठला लोकलमधून उतरून घरी गेल्यावर दहा मिनिटांत पानात काय वाढायचं, हा त्यांचा रोजचा प्रश्न. पोळी हा सणाचा पदार्थ. मऊ भात, तूप आणि मेतकूट हा मंगळवारचा पदार्थ. आणि वर्षात सणांपेक्षा मंगळवार जास्त असतात!

पलावासारख्या वसाहतीत सगळ्या प्रांतांचे लोक राहतात. तिथे मेतकूटही अडलं. हे काय, कशाशी खायचं, कोणाला माहीत नाही. इथे नवऱ्याचा सेट-अप कामाला आला. पाकिटावर एक ओळ लिहिली: 'गरम भात, एक चमचा तूप, एक चमचा मेतकूट.' बाजूला छोट्या वाट्यांमध्ये तसाच भात चाखायला ठेवला. विक्री सुरू झाली.

आठ रविवारांनी काय झालं? गाळा घेतला नाही. पाव किलोच्या पाकिटांत भाजणी आणि मेतकूट, सोसायट्यांमध्ये टेबल, व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर, आणि पोळ्या फक्त सणाला आगाऊ पैसे घेऊन. फार मोठा धंदा झालाय असं मी म्हणणार नाही. अजून त्याची नोकरी आहे, ती राहायलाच हवी. पण पाटल्या गहाण नाहीत आणि पुढे कर्ज लागलंच, तर मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंतचं कर्ज मागायला त्यांच्याकडे वही आहे. बँकेतल्या साहेबांसमोर 'नातेवाईकांना आवडतं' म्हणण्यापेक्षा ती वही ठेवणं केव्हाही चांगलं.

धडा ४: इम्प्रोव्ह, म्हणजे काउंटरवरची कला

स्टँडअपमध्ये बोलणं आधी लिहिलेलं असतं. इम्प्रोव्हमध्ये काहीच लिहिलेलं नसतं. प्रेक्षकांनी एखादी जागा किंवा शब्द सुचवायचा आणि कलाकारांनी त्यावर तिथल्या तिथे प्रसंग उभा करायचा. याची आधुनिक पद्धत शिकागोतून आली. व्हायोला स्पोलिन या बाईंनी मुलांसाठी नाट्यखेळ तयार केले, १९६३ साली त्यांचं पुस्तक आलं. त्यांच्या मुलाने इतरांबरोबर १९५९ साली शिकागोत 'द सेकंड सिटी' ही संस्था सुरू केली.

आपल्याकडे तमाशातली बतावणी हेच करत आली. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये दादा कोंडके चालू घडामोडींवर ऐन वेळी बोलून लोकांना लोळवायचे. त्याआधी ते अपना बाजारमध्ये नोकरीला होते. पण लक्षात घ्या, गण, गवळण, बतावणी, वग हा सांगाडा पक्का असतो. मोकळीक असते ती त्याच्या आत. तुमचं भावपत्रक पक्कं हवं, बोलणं मोकळं.

इम्प्रोव्हचा पहिला नियम: 'हो, आणि...' एक कलाकार म्हणाला, "डॉक्टर, पाय दुखतोय," आणि दुसरा म्हणाला, "मी डॉक्टर नाहीच," तर प्रसंग तिथेच मेला. समोरच्याने दिलेलं आधी स्वीकारायचं, मग त्यात भर घालायची. आता हेच टेबलावर बघा.

गिऱ्हाईक: "फार महाग आहे हो तुमची भाजणी!"

पहिलं उत्तर: "नाही हो काकू, महाग कुठे?" संपलं. आता वाद सुरू.

दुसरं उत्तर: "हो काकू, दुकानातल्यापेक्षा जास्तच आहे. आणि सगळी धान्यं घरी भाजून घेते मी. छोटं पाकीट देऊ का आधी? करून बघा."

दुसऱ्या उत्तरात एक पैसाही कमी केलेला नाही. इथेच लोकांचा घोळ होतो. 'हो' म्हणायचं ते समोरच्याच्या भावनेला, सवलतीला किंवा उधारीला नव्हे. "पैसे पुढच्या आठवड्यात देते गं," असं कोणी म्हणालं तर? "हो, चालेल की ताई. तुमचं पाकीट नाव लिहून बाजूला ठेवते आणि पैसे आले की लगेच घरी पोचवते." गोडवाही राहिला आणि मालही.

यासाठी ऐकावं लागतं. नवखा कलाकार समोरचा बोलत असताना स्वतःचं पुढचं वाक्य जुळवत असतो, म्हणून त्याचा खेळ फसतो. आपणही गिऱ्हाईक बोलत असताना मनात उत्तर तयार करतो. पुढच्या वेळी गिऱ्हाईकाचा शेवटचा शब्द कानावर पडेपर्यंत थांबून बघा.

हे उदाहरण कुठे लागू होत नाही?

विनोद पडला तर कोणाचं पोट बिघडत नाही. खाद्यपदार्थाचं तसं नाही. चाचणी छोटी आहे म्हणून एफएसएसएआयची नोंदणी, स्वच्छता, पाकिटावरची तारीख टाळायची नाही. टेबल एकच असलं तरी नियम तेच.

दुसरं, 'सगळं सोडून उडी मारा' असं सांगणाऱ्यांपासून जपून राहा. डोंबिवलीकर भाऊ कदम आज घराघरांत माहीत आहेत. २०१४ साली सुरू झालेल्या 'चला हवा येऊ द्या'च्या आधी 'फू बाई फू' होतं आणि त्याच्याही आधी कितीतरी वर्षं नाटकं. त्या धडपडीच्या काळात त्यांनी पानाची टपरीही चालवली. हौस मोठी होईपर्यंत घर चालवणारं काहीतरी हातात असणं यात कमीपणा नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमच्या वस्तूची किंवा सेवेची 'पाच मिनिटं' ठरवा. एक टेबल, एक डेमो क्लास, दहा पाकिटं. खर्चाचा आकडा आधी लिहा. तो बुडाला तरी घरात भांडण होणार नाही, एवढाच असू द्या.

२. ओळखीच्यांना बोलावू नका. अनोळखी २० माणसं पुरतात.

३. चार रकाने आखा: थांबले, चाखलं, घेतलं, पुन्हा आले. कारणं लिहायला पाचवा रकाना काढू नका.

४. पुढच्या वेळी एकच गोष्ट बदला.

५. आठ वेळा होईपर्यंत गाळ्याच्या ब्रोकरचा फोन उचलू नका. गाळे कुठे जात नाहीत. कल्याण-डोंबिवलीत तर 'भाड्याने देणे आहे'च्या पाट्या आपल्याला रोज दिसतात. त्यातल्या एखाद्या शटरमागे अशी पाच मिनिटं न केलेलं एखादं स्वप्न होतं, हे जाता-येता आठवा.

पुढच्या व्हिडिओत वहीवरून भाव कसा ठरवायचा ते बघू. येताना रकाने भरून या. रिकामी वही चालणार नाही!